पहिल्यांदा स्टेजवर काम करताय? भीतीपेक्षा लक्ष कुठे आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदाच एका हौशी ग्रुपच्या नाटकात रोल मिळालाय, दोन प्रवेशांत मिळून दहा-बारा मिनिटांचं काम आहे आणि प्रयोगाला तीन आठवडे उरलेत. घरी सगळे डायलॉग तोंडपाठ येतात, तालमीत उभं राहिलं की अर्धे गायब होतात, हातांचं काय करायचं ते सुचत नाही, छातीत धडधडतं, आणि प्रयोगात ब्लँक झालो तर काय या विचारानं आत्तापासूनच झोप लागत नाही. ही भीती घालवायची कशी, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं हौशी नाटकं बसवतेय, कामंही करते, आणि जवळपास प्रत्येक नाटकात पहिल्यांदाच उभं राहणारं कोणीतरी असतंच, त्यामुळे हे सगळं खूप जवळून बघितलंय. तर आधी हे सांगते की भीती घालवायच्या नादी लागू नका, कारण ती पूर्ण जात नाही आणि जायची गरजही नसते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्या नटाला १९६०च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे आयुष्य स्टेजवर काढून नाव शिखरावर असताना, अचानक स्टेजची भीती बसली आणि पुढे काही वर्षं टिकली, सहकलाकारांना ते सांगायचे की माझ्या डोळ्यांत बघू नका. पण या काळातही ते कामं करत राहिले. म्हणजे भीती असणं आणि काम चांगलं होणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

नव्या माणसाचं काम बिघडतं ते भीतीमुळे कमी आणि लक्ष स्वतःकडे लागल्यामुळे जास्त. मी कसा दिसतोय, आवाज कापतोय का, पुढचं वाक्य काय होतं, दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर नाराजी आहे का, डोक्यात हे सगळं चालू असताना समोरचा काय बोलला ते ऐकूच येत नाही, आणि ऐकू आलं नाही की आपलं वाक्य सुचायला काही आधारच राहत नाही. तुम्ही म्हणताय ना की तालमीत अर्धं गायब होतं, ते बहुतेक वेळा इथे होतं. म्हणून या तीन आठवड्यांत करायचं काम एकच आहे, लक्ष स्वतःवरून उचलून समोरच्या माणसावर, हातातल्या वस्तूवर, करायच्या कृतीवर ठेवायची सवय लावणं. बाकीचं सगळं मी त्याच अंगानं सांगणार आहे.

आधी शरीराचं बघू, कारण त्याचीच धास्ती जास्त वाटते. धडधड, गार पडलेली बोटं, कोरडं तोंड, पोटात गोळा, हे सगळं अ‍ॅड्रेनलिनचं काम आहे. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ कमी होते म्हणून तोंड सुकतं, पचन मंदावतं म्हणून पोटात कसंतरी होतं. शरीर तुम्हाला पळायला किंवा झुंजायला तयार करतंय, त्याला बिचाऱ्याला माहीत नाही की तुम्हाला फक्त एक दार उघडून आत यायचंय. आणि कामाची गोष्ट अशी की हा पहिला जोर काही मिनिटांतच ओसरायला लागतो. म्हणून एन्ट्रीनंतरची पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात अवघड असतात, आणि म्हणूनच तीच सगळ्यात जास्त घोटून घ्यायची, इतकी की डोकं बंद पडलं तरी शरीर ती करून मोकळं होईल. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, मोठा भावनिक डायलॉग शंभर वेळा घोकतात आणि एन्ट्री मात्र "ते काय, आत यायचं आणि बसायचं" म्हणून सोडून देतात.

आणि स्वतःला "शांत हो, शांत हो" असं बजावू नका, त्यानं फारसं होत नाही. हार्वर्डच्या एलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, त्यात लोकांना गाणं म्हणायच्या किंवा भाषण करायच्या आधी स्वतःशी काहीतरी म्हणायला लावलं, आणि ज्यांनी "मला मजा येतेय, मी उत्सुक आहे" अशा अर्थाचं म्हटलं त्यांचं काम "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. मला हे पटतं कारण विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाला, उभं राहून धडधडणाऱ्या छातीला शांत करणं जवळजवळ अशक्य असतं, पण त्याच धडधडीला "चला, आता माझी पाळी" असं नाव देणं जमतं.

दुसरं म्हणजे आपली घाबरगुंडी आपल्याला जेवढी वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. सॅव्हित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे भाषणांच्या बाबतीत तपासलं, बोलणाऱ्यांना आपण जेवढे घाबरलेले दिसतोय असं वाटत होतं त्यापेक्षा ऐकणाऱ्यांना ते कमी घाबरलेले वाटले, आणि ज्यांना ही गोष्ट आधीच सांगितली होती त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतेय. खात्री करायची असेल तर एखादी तालीम मोबाइलवर शूट करून बघा, पण एकदाच, रोज बघत बसू नका, नाहीतर लक्ष परत स्वतःवर येतं.

आता पाठांतर. घरी येतं आणि तालमीत जातं याचं मुख्य कारण, तुम्ही घरी एका जागी बसून, संहिता डोळ्यांसमोर धरून, मनातल्या मनात पाठ केलंय. मेंदू नुसते शब्द लक्षात ठेवत नाही, ते कुठे आणि कोणत्या अवस्थेत शिकलो तेही त्याला चिकटलेलं असतं. गॉडन आणि बॅडली यांचा १९७५ चा पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे, त्यात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले आणि काठावर पाठ केलेले काठावर. तुम्ही खुर्चीवर बसून पाठ केलेलं उभं राहून, चालत, कोणाच्या तरी डोळ्यांत बघत, घाबरलेल्या अवस्थेत म्हणायला जाताय, अवघड जाणारच. उपाय सरळ आहे, पाठांतर एका जागेला चिकटू द्यायचं नाही. चालत म्हणा, कपड्यांच्या घड्या घालत म्हणा, जिने चढताना दम लागलेला असताना म्हणा, मोठ्यानं म्हणा, शेजारी टीव्ही चालू असताना म्हणा. घड्या घालता घालता वाक्य अडखळलं तर ते अजून पाठ झालेलं नाही असं समजायचं.

आणि फक्त स्वतःची वाक्यं पाठ करू नका. ही चूक नव्वद टक्के नवीन माणसं करतात असं मी सरळ म्हणेन, संहितेत आपल्या वाक्यांवर पिवळा मार्कर मारायचा आणि पिवळं तेवढं घोकायचं. मग प्रयोगात समोरच्यानं एक शब्द बदलला की गाडी थांबते. मोबाइलवर समोरच्याची वाक्यं रेकॉर्ड करा, आपल्या वाक्यांच्या जागी शांतता सोडा, आणि ते लावून म्हणा. पहिल्या आठवड्यात एवढं रोज केलं तरी फरक जाणवेल.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे, ती अनुभवी नटांकडून शिकले आणि नव्यांना सांगितली की त्यांचं काम डोळ्यांदेखत बदलतं. आपल्याला क्यू म्हणजे समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द असं शिकवलेलं असतं, पण खऱ्या बोलण्यात आपलं उत्तर शेवटच्या शब्दावर तयार होत नाही, ते मध्येच कुठेतरी तयार होतं. समजा समोरची व्यक्ती म्हणते, "मी काल तुझ्या भावाला भेटले, बराच वेळ बोललो आम्ही, मग उशीर झाला म्हणून घरी निघून आले," आणि तुमचं वाक्य आहे "तो काय म्हणाला?" तर तुमच्या मनात खळबळ 'भावाला' या शब्दावरच उठली पाहिजे, तिथेच श्वास घेतला गेला पाहिजे, आणि पुढचं सगळं तुम्ही बोलायची वाट बघत ऐकताय. संहितेत प्रत्येक वाक्याआधी तो शब्द शोधा आणि पेन्सिलीनं गोल करा. एकदा हे केलं की ऐकल्याशिवाय बोलताच येत नाही, आणि ऐकताय तोपर्यंत स्वतःकडे लक्ष जायला जागा उरत नाही. शिवाय तुमचा चेहरा आपोआप जिवंत दिसतो, वेगळे हावभाव करावे लागत नाहीत.

हातांचं. नुसते खाली सोडलेले हात आपल्याला फार विचित्र वाटतात, दोन्ही बाजूंना काहीतरी लोंबतंय असं वाटतं, पण बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही. वाईट दिसतं ते मध्येच उचलून अर्ध्यावर सोडलेले हात, बोटांशी चाललेला चाळा, आणि प्रत्येक शब्दाला एक हातवारा. तरीही चैन पडत नसेल तर दिग्दर्शकाला विचारून हातांना खरं काम मागून घ्या. खोटं काम नको, म्हणजे विनाकारण टेबल पुसणं वगैरे, त्या माणसानं त्या वेळी खरंच केलं असतं असं काही.

आमच्या एका नाटकात नव्यानं काम करणाऱ्या एका मुलीला स्टेजवर पत्र वाचायचं होतं. तालमीत पातळ कागद होता, तिचे हात थोडेसेच कापायचे पण कागद त्याच्या चौपट फडफडायचा, आवाजही यायचा, आणि तो आवाज ऐकून ती आणखी घाबरायची. आम्ही जाड कागद घेतला, त्याला मधोमध घडी घातली, आणि तिला सांगितलं की कोपरं अंगाला टेकव आणि पत्र दोन्ही हातांनी धर. हात तेवढेच कापत होते, दिसणं बंद झालं, आणि दिसत नाही हे तिला कळल्यावर दोन तालमींनंतर कापणंही कमी झालं. त्यामुळे ट्रे, कप-बशी, काचेचे ग्लास असं खुळखुळणारं काही तुमच्या हातात एन्ट्रीलाच असेल तर आत्ताच बोला, बदलून घ्या. नंतरच्या प्रवेशात असेल तर हरकत नाही.

पायांकडे मात्र कोणी बघत नाही आणि खरी गडबड तिथे असते. घाबरलेला माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत डुलत राहतो, किंवा प्रत्येक वाक्याला अर्धं पाऊल पुढे सरकतो आणि प्रवेशाच्या शेवटी सेटच्या भलत्याच कोपऱ्यात पोचतो. दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उभं राहायचं, हलायचं तर कारणासाठी हलायचं आणि पोचून थांबायचं. प्रयोगात घालणार तेच बूट किंवा चपला आजपासून तालमीला घाला, हे फार उपयोगी पडतं, कारण चालच बदलते. साडी, धोतर, लांब झगा असं काही नेसायचं असेल तर त्याची सवयही आधीच हवी, शेवटच्या दिवशी नाही.

आवाजाबद्दल एकच सांगते, वाक्याचा शेवट गिळू नका. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, 'नाही' शेवटी येतं. "मी त्याला सगळे पैसे दिले नव्हते" हे वाक्य तुम्ही जोरात सुरू केलंत आणि श्वास संपत आल्यामुळे 'नव्हते' तोंडातल्या तोंडात राहिलं, तर मागच्या रांगेतल्या माणसाला अगदी उलटं ऐकू गेलं आणि पुढचा अख्खा प्रवेश त्याच्यासाठी चुकला. ओरडायची गरज नसते, श्वास वेळेवर घ्यायची असते. आणि रिकाम्या हॉलमध्ये आवाज छान घुमतो त्यावर जाऊ नका, माणसं बसली की त्यांची शरीरं आणि कपडे आवाज शोषून घेतात, त्यामुळे प्रयोगाला थोडं जास्त लावावं लागतं. घाबरल्यावर वेग वाढतो हेही लक्षात असू द्या, तुम्हाला हळू वाटेल तो वेग बऱ्याचदा बरोबर असतो.

लाइट पहिल्यांदा अंगावर येतो तेव्हा दचकायला होतं. समोर नुसता काळोख आणि डोळ्यांत झगझगाट, त्यामुळे नवीन माणसं नकळत लाइटच्या कडेला सरकतात कारण तिथे डोळ्यांना बरं वाटतं, आणि तिथे त्यांचा चेहरा दिसत नाही. डोळ्यांना त्रास होतोय म्हणजे आपण योग्य जागी आहोत असं धरून चाला. ब्लॅकआउट झाला, म्हणजे स्टेजवरचे सगळे लाइट गेले, की लगेच निघू नका, क्षणभर थांबा, डोळ्यांना थोडं दिसायला लागू द्या आणि मग सरावाच्या वाटेनंच जा, मधून नवीन शॉर्टकट काढू नका. विंगेत उभं असताना तुम्हाला प्रेक्षक दिसत असतील तर त्यांनाही तुम्ही दिसताय, एवढं साधं गणित आहे. मेकअपचं ग्रुपमधल्या माहीतगारावर सोडा, त्यात डोकं घालू नका.

आता तुमची खरी भीती, ब्लँक होणं. खरं सांगू का, हे होतं. चांगल्या चांगल्या माणसांना होतं, पन्नासाव्या प्रयोगात होतं. त्यामुळे ते होणारच नाही याची तयारी करण्यापेक्षा झाल्यावर काय करायचं याची तालीम करा. तालीम म्हणतेय, विचार नव्हे. दिग्दर्शकाला विनंती करा की एक तालीम अशी ठेवा ज्यात कोणीही मुद्दाम एखादं वाक्य गाळेल, उलटसुलट करेल, उशिरा येईल, आणि बाकीच्यांनी न थांबता पुढे न्यायचं. आम्ही प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात हे करतोच. त्यातून सगळ्यांना कळतं की नाटक एवढ्यानं कोसळत नाही, आणि कोण कोणाला सावरतं तेही कळतं.

प्रत्यक्षात ब्लँक झालात तर पहिल्यांदा श्वास सोडा, घ्यायचा नाही, सोडायचा, कारण तो अडकलेला असतो. वर छताकडे किंवा विंगेकडे बघू नका, तिकडे बघितलं की प्रेक्षकांना लगेच कळतं. समोरच्या माणसाकडे बघा, खरंच बघा, तो काय बोलला आणि तुमच्या पात्राला त्याच्याकडून काय हवंय ते आठवा. शंभरातल्या नव्वद वेळा वाक्य तिथूनच परत येतं. तरी नाही आलं तर तो जे शेवटचं बोलला ते प्रश्न करून परत म्हणा, म्हणजे तो म्हणाला "मी उद्या निघतोय" तर "उद्या निघतोयस?" एवढंच. तेवढ्यात तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात आणि तोही सावध होतो. हातात काम असेल तर ते करा, खुर्ची नीट करा, पाणी ओता. तेही नाही तर पुढचं जे काही आठवतंय तिथे उडी मारा. मधली चार वाक्यं गेली तर गेली, प्रेक्षकांच्या हातात संहिता नसते. शब्द नेमके आले नाहीत तरी त्याच अर्थाचं आपल्या शब्दांत बोला.

ती शांतता तुम्हाला अख्ख्या मिनिटाची वाटते आणि प्रेक्षकाला तो पॉज वाटतो, फक्त तुमच्या चेहऱ्यानं त्याला वेगळं सांगितलं नाही पाहिजे. जीभ चावणं, कपाळावर हात मारणं, हसणं, "सॉरी" म्हणणं आणि मागे जाऊन वाक्य नीट म्हणणं, हे एवढं काहीही झालं तरी करायचं नाही.

समोरचा ब्लँक झाला तर काय? नवीन माणसं त्याचं वाक्य त्याला कुजबुजून सांगतात, ते पहिल्या चार रांगांना ऐकू येतं. त्यापेक्षा त्याच्या वाक्यात जी माहिती होती ती प्रश्नात घाला. त्यानं सांगायचं होतं की घर विकलं, आणि तो गप्प आहे, तर तुम्ही विचारा, "म्हणजे घराचा व्यवहार करून आलास तू?" त्याला फक्त "हो" म्हणायचं उरतं आणि नाटक पुढे जातं. यासाठी त्याची वाक्यं माहीत असायला लागतात, वर सांगितलंच.

तुमच्याकडे प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य सांगणारा माणूस, असेल तर त्याच्याबरोबर एकदा बसा. तुम्ही कुठे मुद्दाम थांबताय ते त्याच्या प्रतीत खूण करून ठेवायला सांगा, नाहीतर तुमच्या छान घेतलेल्या पॉजमध्ये विंगेतून पुढचं वाक्य येतं. आणि मदत हवी तेव्हा काय खूण करायची तेही ठरवा. प्रॉम्प्ट देताना पूर्ण वाक्य नको, पहिले दोन शब्द पुरतात.

प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून संहिता घेऊन बसू नका, जे व्हायचं ते पाठांतर झालेलं असतं आणि रात्रीची झोप त्याला शेवटच्या उजळणीपेक्षा जास्त मदत करते. हलकं काहीतरी वेळेवर खा, उपाशी राहिलात तर हात जास्त कापतात. लवकर पोचा. रिकाम्या स्टेजवर आपल्या सगळ्या जागा चालून या, दार खरंच उघडतंय का बघा, खुर्ची हलतेय का बघा, मागच्या रांगेत कोणालातरी बसवून दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा. आपली प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवर वापरायच्या वस्तू, आपण स्वतः हात लावून तपासायची, कोणी "ठेवलीय" म्हटलं तरी. चष्मा, पत्र, किल्ली, जे असेल ते, जिथून उचलायचंय तिथेच आहे ना ते एन्ट्रीच्या आधी परत एकदा. मोबाइल बंद करून बॅगेत, खिशात सायलेंटवर सुद्धा नको. पडद्याच्या फटीतून घरचे कुठे बसलेत ते शोधू नका, एकदा जागा कळली की सगळं काम त्या दोन खुर्च्यांसाठी व्हायला लागतं.

कोणी "घोटभर घे, भीती जाते" म्हणालं तर साफ नाही म्हणा, भीती कदाचित जाईल पण वेळेचं भान आणि उच्चारही जातील. कोणाकडे धडधड कमी करणाऱ्या गोळ्या असतात, बीटा ब्लॉकर म्हणतात त्या, त्या डॉक्टरांना न विचारता दुसऱ्याच्या घेऊन खायच्या नाहीत, दमा असणाऱ्यांना तर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

विंगेत उभं राहिल्यावर श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, चार मोजत आत आणि सहा-सात मोजत बाहेर, असं चार-पाच वेळा. लांब सोडलेल्या श्वासानं ठोके थोडे खाली येतात. हातपाय झटका, जबडा सैल सोडा. तोंड सुकलं तर पाण्याचा एक छोटा घोट, बाटलीभर नाही. सगळे डायलॉग मनात म्हणत बसू नका, मध्ये एक अडखळला की तिथेच घाम फुटतो. फक्त दोन गोष्टी डोक्यात ठेवा, माझं पहिलं वाक्य, आणि आत येण्याच्या आधी मी कुठे होतो आणि काय करत होतो. बाजारातून आलोय का, भांडून आलोय का, कोणाला शोधतोय का. आणि स्टेजवर चाललेला प्रवेश ऐका, त्याचा वेग ऐका. एन्ट्री स्टेजच्या कडेला सुरू होत नाही, विंगेतच चार पावलं आधी ते पात्र चालायला लागलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षकांना एक नट आत आलेला दिसतो आणि मग तो पात्र होतो.

आत आल्यावर एक गोष्ट अनपेक्षित असेल, ती म्हणजे प्रेक्षक. तालमीत सगळ्यांना विनोद पाठ झालेले असतात म्हणून कोणी हसत नाही, प्रयोगात अचानक हशा येतो आणि नवीन माणूस त्या हशातच पुढचं वाक्य बोलून टाकतो, ते वाक्य कोणालाच ऐकू येत नाही. हशा वर चढतो, मग उतरायला लागतो, उतरायला लागला की बोला, पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितलीत तर प्रवेश थंड पडतो. त्या दोन-तीन सेकंदांत गोठून उभं राहू नका, जे करत होतात ते करत राहा, समोरच्याकडे बघत राहा. याच्या उलटही होतं, हमखास हसतील असं वाटलेल्या जागी शांतता. तेव्हा आणखी जोरात, आणखी ताणून करायचा मोह होतो, तो टाळा आणि सरळ पुढच्या वाक्यावर जा. शांत बसलेले प्रेक्षक कंटाळलेलेच असतात असं नसतं, पुष्कळदा ते नीट ऐकत असतात.

कोणाला नाटकात नाही तर गाण्याला किंवा भाषणाला एकटंच उभं राहायचं असेल तर समोर सहकलाकार नसतो एवढाच फरक. तेव्हा प्रेक्षकांतला एक भाग निवडून एक पूर्ण ओळ त्यांच्यासाठी म्हणा, मग दुसरा भाग, दुसरी ओळ. भिरभिरती नजर सगळ्यात वाईट.

शेवटी सगळे एकत्र येऊन प्रेक्षकांना नमस्कार करतात त्याचीही एक तालीम करा, कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं असू द्या. आपलं काम बिघडलं असं वाटत असलं तरी तिथे तोंड पाडून उभं राहू नका, टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला त्याचं काहीतरी चुकलं असं वाटतं.

त्या रात्री कोणालाही "माझं काय चुकलं" असं विचारू नका, लोक थकलेले असतात, काहीही बोलतात आणि ते डोक्यात बसतं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला विचारा आणि तुम्हाला स्वतःला जे जाणवलं ते संहितेच्या समासात लिहून ठेवा, कुठे हशा आला, कुठे श्वास पुरला नाही, कुठे लाइटच्या बाहेर गेलात. दुसरा प्रयोग असेल तर हे फार लागतं, कारण पहिला पार पडला की सगळे सैल होतात आणि दुसऱ्यात चुका जास्त होतात. त्यामुळे दुसऱ्या प्रयोगाच्या आधी निदान एकदा सगळ्यांनी बसून नुसते डायलॉग भराभर म्हणून घ्या, आणि तुमची एन्ट्री मात्र उभं राहून, बूट घालून, हातातल्या वस्तूंसकट पूर्ण करा.